शेठाणीचा डबा

...आणि वर आमचे हे मलाच विचारतात, "डबा घेतलाच का?" आता तुम्हीच सांगा बायांनो, दारात उभी राहिलेली बाई, डोक्यावरून पदर, हातात पितळेचा डबा, डबा अजून कोमट, आणि मी काय म्हणायचं, थांबा हं गजराबाई, आधी आत जाऊन विचारून येते की तुमच्या लाडवांच्या पोटात काय आहे म्हणून? असं कुणी म्हणतं का? आपल्यात तर नाहीच म्हणत. बसा ना, भिंतीला टेका, लाडू घ्या. बेसनाचे आहेत. घ्या हो, मला आज कुणीतरी खाल्लेले हवेतच, का ते सांगते मग.

तर तुम्हाला सांगते, यात माझा दोष नाही. म्हणजे आहे. पण सगळाच्या सगळा नाही, आणि जेवढा आहे तेवढा मला झोपू देत नाही, म्हणून तुम्हाला बोलावलं.

आमचे हे वकील, तुम्हाला ठाऊकच आहे. पण वकिली कशी, तर पक्षकार आला की आधी त्याला सांगायचं, बाबा रे, कोर्टात जाऊ नकोस, घरातच तडजोड कर. आणि तो मेला खरंच करतो. गेल्या साली मुंबईच्या असेंब्लीची निवडणूक झाली, मोटारी फिरल्या, भाषणं झाली, तेव्हापासून आमच्या गावाला जे वारं लागलं ते काही उतरेना, आणि पौषात आमच्या म्युनिसिपालिटीची निवडणूक लागली तसे हे उठले, टोपी धुऊन वाळत घातली आणि मला म्हणाले, "मी उभा राहतोय. आणि ऐकून ठेव, कुठल्याही पेढीचा पैसा या घरात येणार नाही. कारण निवडून आलो की पहिलं काम मी पेढ्यांच्याच विरुद्ध करणार आहे. बाजारात म्युनिसिपालिटीचा काटा बसवणार."

काटा म्हणजे तराजू हो, मोठा, लोखंडी, चार लोकांच्या देखत तोलायचा. कशाला, तर गहाणाच्या चांदीला. आता हे खूळ यांच्या डोक्यात कुणी घातलं? मी. आणि माझ्या डोक्यात? दिवलीबाईनं.

दिवलीबाईला तुम्ही इथेच पाहिलीय, आमच्या ओसरीवर. म्हसावदच्या वरच्या अंगाला डोंगरात तिचा पाडा. बाजारच्या दिवशी चारोळी, डिंक घेऊन उतरते, ऊन कलेपर्यंत इथे बसते, लोटाभर ताक पिते आणि मला हसून घेते. तिची एक चांदीची हासळी आहे, तिच्या आईची, गळ्यात घालायची. पेरणीच्या वेळी ती चुनीलालशेठच्या पेढीवर गहाण जाते आणि होळीच्या आधी सुटते. सुटायलाच हवी. डोंगरात होळीला बाई मोकळ्या गळ्यानं उभी राहत नाही. पण पेढीवर गहाणाच्या हासळ्या पडलेल्या असतात ढीगभर, आणि शेठ जी हाताला लागेल ती उचलून देतात, "ही घे, तुझीच आहे." आधी अंगठ्याएवढी जाड होती, एका होळीला करंगळीएवढी आली. दिवलीनं मला ती दाखवली आणि अगदी गंभीर तोंडानं विचारलं, "बाई, चांदी वाळस का वं?"

मी धुळ्याला हायस्कुलात शिकलेली बाई, पण चांदी मिरचीसारखी वाळते असं कुठल्या पुस्तकात वाचलं नव्हतं. रात्री जेवताना यांना सांगितलं, यांचा घास हातातच राहिला, आणि त्यातून निघाला तो काटा. ठेवतानाही त्यावरच तोलायचं आणि सोडवतानाही त्यावरच. झालं, वाळणं बंद.

आणि मी काय केलं, तर मी दिवलीला सांगून मोकळी झाले. या जिभेनं. म्हटलं, "यंदा सोडवायची घाई करू नकोस. निवडणूक होऊ दे, काटा बसू दे, मग चार लोकांसमोर तोलून घे." तिची सून यंदा पहिल्यांदा होळीला उभी राहायची होती ना, हासळी सुनेच्या गळ्यात पडायची होती. दिवली म्हणाली, "तू सांगस तं थांबस मी." तू सांगतेस तर थांबते. एवढंच. हे वाक्य लक्षात ठेवा, कारण मी विसरायचा पुष्कळ प्रयत्न केला.

तर मग आल्या गजराबाई. चुनीलालशेठच्या शेठाणी. डब्यात मेथीचे लाडू, डिंक घातलेले. म्हणाल्या, "वहिनी, भाषण दी दी भाऊना घसा बसी जाई. सकायले एक लाडू द्या त्यासले."

मी म्हटलं, "गजराबाई, रागावू नका, पण यांनी शपथ घातलीय, पेढीचं काही घ्यायचं नाही."

"अवं, पेढी त्यासनी शे. चूल मन्ही शे. आणि लाडू शेतस ते, रुपया थोडाच शेतस?"

पेढी शेठची, चूल माझी, असं म्हणाल्या हो. लाडू म्हणजे काही रुपया नव्हे, हे तर खरंच. घेतला डबा. लाडू काढून घेतले, डबा चिंचेनं घासला, आणि परत करताना त्यात गुळाचा खडा घातला. घालायलाच हवा. रिकामं भांडं परत करायचं नसतं ना, बाई. माझी आई म्हणायची, भरलेलं आलं तर निदान चिमूटभर तरी घालून पाठव, नाहीतर त्या घरची आणि आपल्या घरची लक्ष्मी एकमेकींना पाठ दाखवते.

आणि तिथंच सगळं चुकलं, कारण मी गूळ घातला की त्यांच्याकडे भांडं भरलेलं गेलं. मग त्या तरी रिकामं कसं ठेवणार? दोन दिवसांनी तोच डबा, तुपानं भरून. मी त्यात शेवया घालून पाठवला. तर डब्याच्या जागी पातेलं आलं. पातेल्यात डाळ. मी पातेल्यात वांगी घातली, तर हंडा आला. तुम्ही हसताय. मला सांगा, कुठे थांबायचं? कुठल्या भांड्यावर थांबायचं असतं ते कुणी शिकवलंय का आपल्याला? आणि घरात जेवायला माणसं किती, तर यांचे प्रचारवाले, सकाळी दहा, संध्याकाळी वीस. घोषणा देऊन आलेला माणूस काय जेवतो हे तुम्हाला माहीत नाही. एकेकाला चार चार बट्ट्या, आणि बट्टी कोरडी कशी वाढायची? कुस्करायची, वरण ओतायचं, वर तुपाची धार.

आणि हे मधोमध बसून सांगायचे, "मित्रहो, या घरात सावकाराचा एक पैसा आलेला नाही," आणि ताट पुढे करायचे, मी धार धरायची. शेठाणीच्या तुपाची. धार धरली न धरली तोच वाटी मागे घ्यायचे. हे म्हणायचे, "बघा, हात सैल नाही हिचा. काटकसर शिकावी तर हिच्याकडून." मी आत जाऊन पदरानं डोळे पुसायचे, आणि सगळ्यांना वाटायचं चुलीचा धूर.

सांगायचं ना मग त्यांना? हो, सांगायचंच होतं. रोज ठरवायचे. पण माणूस पन्नाशीत पहिल्यांदा इतका आनंदात दिसला की त्याला तुपाचा हिशेब कसा द्यायचा, सांगा. आणि मनाला समजावत होते की हे काही देणं-घेणं नाही, हे भांडं आहे. रिकामं भांडं परत करायचं नसतं, एवढाच विषय.

मग आली मोटार.

आता तुम्ही म्हणाल, मोटार काय भांडं आहे? मीही तेच म्हणाले. पण गजराबाईंनी निरोप धाडला की रमजानभाई शेठची मोटार घेऊन शहाद्याला निघालेतच, वाटेत खालच्या आळीत भाऊंना सोडतील, जागा आहेच. यांना मी काय सांगितलं? माझ्या तोंडून निघून गेलं, "आपल्या ओळखीतली आहे." खोटं होतं का? नव्हतं. ओळखीतलीच होती. आणि संध्याकाळी मोटार परत निघाली तर मागची गादी रिकामी... तुम्हाला सांगते, मला बघवेना. परसातली चार मोठी गंगाफळं, लाल भोपळे हो, आणली आणि गादीवर नीट मांडून बसवली. रमजानभाई बघतच राहिले. भला माणूस, उभा जन्म या गावात गेलेला, त्यांच्या वडिलांनी शेठचीच बैलगाडी हाकली. म्हणाले, "बाईसाब, ये सवारी कहाँ उतारूँ?"

"शेठजींकडे. रिकामी कशी पाठवू?"

त्यांनी टोपी काढून डोकं खाजवलं. "शेठजी के यहाँ तो मोटार रात को जाती है. अभी रायसिंगभाऊ के यहाँ जाना है. सुबह आपका झंडा, शाम को उनका. झंडा बदल बदल के मेरी तो कमर गई."

रायसिंगभाऊ म्हणजे कोण, ठाऊक आहे ना? आमच्या यांच्याविरुद्ध उभे राहिलेले. ज्यांना हे रोज सभेत "सावकारांचा हस्तक" म्हणायचे, ते.

मी रमजानभाईंना म्हटलं, तुमची काहीतरी चूक होतेय. ते म्हणाले, "हो सकता है," आणि माझी चार गंगाफळं घेऊन रायसिंगभाऊंच्या दिशेनं निघून गेले.

मतदानाच्या आदल्या दिवशी मी ठरवलं, बस. हंडा परत करायचा आणि सांगून यायचं की आता पुरे. दुपारी, सगळे निजलेले असताना, हंड्यात पायलीभर ज्वारी घातली, वरून पदर घेतला आणि मागच्या बोळानं शेठाणींच्या परसदारी गेले. तर समोरून अजून एक बाई येतेय, ती पण पदराखाली काहीतरी झाकून. जवळ आली, बघते तर दगूबाई. रायसिंगभाऊंच्या घरच्या. आम्ही दोघी एकाच दाराशी उभ्या. तिच्या पदराखाली हंडा. माझ्या पदराखाली हंडा. त्याच घडणीचा, त्याच कानांचा, दोघांवरही शेठचंच नाव कोरलेलं.

"तुम्ही बी?" ती म्हणाली.

"भांडं द्यायला आले."

"मी बी भांडंच." आणि मग हळूच म्हणते, "वहिनी, तुमनं गंगाफळ मात्र गोड व्हतं."

तुम्हाला सांगते, आम्ही दोघी तिथे त्या बोळात तोंडात पदर कोंबून इतक्या हसलो की माझी ज्वारी सांडली. ती गोळा करू लागली. आणि मला इतकं बरं वाटलं... म्हटलं, शेठ दोघांनाही देतो, म्हणजे पक्षपात नाही, म्हणजे मग त्याचं मागणंही काही नसणार. म्हणजे बघा किती शहाणी मी. दोन्ही पारड्यांत एकच माणूस हात ठेवून उभा आहे, आणि मला वाटलं, काटा सरळ आहे.

"आता पुरे" म्हणायचं राहूनच गेलं. गजराबाईंनी दोघींना चहा दिला. एकाच केटलीतून.

हे निवडून आले, आणि वॉर्डात जागा दोन, म्हणून रायसिंगभाऊही आले. गुलाल झाला, मिरवणूक झाली, मोटार कुणाची ते विचारू नका. माघात पहिली सभा लागली, आणि तिच्यात पहिला विषय यांचा, काट्याचा. यांनी भाषण पाठ केलं होतं, न्हाणीघरातून ऐकू यायचं. आणि सभेच्या दोन दिवस आधी गजराबाई आल्या. या वेळी हातात काही नव्हतं. मी बघितलं आणि आधी फडताळाकडे वळले, कारण माझ्याकडे त्यांचा पहिला डबा, तो पितळेचा, फिरून फिरून परत आलेला होता आणि द्यायचा राहिला होता.

म्हणाल्या, "डबा लेवाले उनू."

"थांबा, भरते. शंकरपाळे केलेत."

"नको वहिनी. काहीच भरू नका." आणि इतक्या गोड बोलल्या हो, माझ्या हातावर हात ठेवून. "भाऊसले एवढंच सांगा, काटा जरूर बसाडा. पन होळी होऊ द्या. होळीना नंतर बसाडा. काय घाई शे?"

बस. एवढंच. नको बसवू असं कुठे म्हणाल्या? फक्त होळी होऊ द्या. आणि हासळ्या सुटतात कधी? होळीच्या आधी. सगळ्या डोंगरातल्या. त्यानंतर काट्यावर तोलायला चांदी असणार कुणाची?

हे सगळं मला तेव्हाच कळलं होतं. कळलं नव्हतं असं म्हणता आलं असतं तर किती बरं झालं असतं. पण कळलं होतं, आणि तरी मी मान हलवली. त्या डबा घेऊन गेल्या, रिकामा, आणि मी दारात उभी राहून बघत होते आणि जाणवलं, रिकामा नाही गेला. रिकामं भांडं परत करायचं नसतं. माझ्या हातून त्यात पडलंच काहीतरी.

रात्री यांना वाढताना सांगितलं. सगळंच सांगितलं, लाडवांपासून गंगाफळापर्यंत. ओरडले असते तर बरं झालं असतं. हे नुसते ताटातल्या बट्टीकडे बघत राहिले, तूप लावलेलं होतं तिला. मग विचारलं, "डबा घेतलाच का?" आणि ताटावरून उठले. दुसऱ्या दिवशी सकाळी यांचा घसा बसला. पौषभर चाळीस सभा घेऊन जो बसला नाही, तो. सभेत यांचा विषय आला तेव्हा हे उठले, म्हणे, खोकले, आणि इतकंच म्हणाले की विषय मोठा आहे, कमिटी नेमून विचार व्हावा. कमिटीत कोण? हे, रायसिंगभाऊ, आणि जाणकार म्हणून चुनीलालशेठ.

होळीच्या आदल्या बाजाराला दिवली आली. ओसरीच्या पायरीवर उभी राहिली, वर नाही आली, आणि म्हणाली, "काटा उना का, बाई?"

मी म्हटलं... मी काय म्हटलं माहितेय का? मी म्हटलं, "कमिटी नेमलीय." दिवलीबाईला. डोंगरातून उतरून आलेल्या बाईला मी कमिटी सांगितली. ती एकदम हसली. "तुन्हा काटा बी शेटकडेच गहाण पडना का?"

आणि गेली पेढीवर. परत आली तेव्हा हातात हासळी होती. हासळी कसली हो, तार; जाड होत्या त्या आधी आलेल्यांनी नेल्या, माझ्या सांगण्यावरून थांबली तिला ही उरली. ती तिनं मला दाखवलीही नाही, मीच बघितली. म्हटलं, "सुनेच्या गळ्यात..." तर म्हणाली, "घालसू ना. अंधारमा नाचतस, कोन्ले काय दिसस?" अंधारात नाचतात, कुणाला काय दिसतंय. आणि एवढं बोलून तिनं कमरेच्या फडक्यातून माझा लोटा काढला. मागच्या बाजारी ताक दिलं होतं घरी न्यायला, तो. मी तर विसरूनही गेले होते. माझ्या हातात दिला. चारोळीनं भरलेला, काठोकाठ.

मी म्हटलं, "दिवली, हे कशाला? आज तरी नको."

तर मला म्हणते, "रिकामं भांडं कसं दिऊ वं, बाई?"

तेव्हापासून ती आली नाही. बाजार येतात, जातात. चारोळी तशीच आहे फडताळात, मला खीर करवत नाही. हे जेवायला बसतात आणि तुपाची वाटी पुढे केली की हात आडवा धरतात. बट्टी कोरडीच कुस्करतात, घशाखाली उतरत नाही, पाणी पितात आणि उतरवतात.

आणि आता ऐका, आता वैशाखात म्युनिसिपालिटीचा अध्यक्ष निवडायचा आहे, त्यासाठी नाव पुढे आलं कुणाचं? यांचं. सुचवलं कुणी? चुनीलालशेठनी. अनुमोदन रायसिंगभाऊंचं. हे "नको" म्हणाले, बैठक आमच्याच ओसरीवर होती, मी स्वतः खिडकीतून ऐकलं, पण इतकं हळू म्हणाले की सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या.

...घ्या ना, तो शेवटचा एक का ठेवलात? घ्या. तुम्हाला आवडले ना? बेसन छान खरपूस भाजलंय, वेलची आहे, तूप तर हाताला लागतंय. मी नाही केले हो. मला इतके चांगले जमत नाहीत. आज सकाळी दार उघडलं तर उंबऱ्यावर ठेवलेला होता, पितळेचा डबा, ठेवणारं माणूस निघून गेलेलं. मी म्हटलं, यातला एकही लाडू या घरातल्या माणसाच्या पोटात जाऊ द्यायचा नाही. म्हणून तर तुम्हाला बोलावलं.

अहो, खोकताय काय अशा, पाणी घ्या. खाल्ले ते खाल्ले. झाला बघा डबा रिकामा.

आता घासते आणि पाठवते. तसाच नाही, नाही... तुम्ही म्हणताय ते खरं, पण तसाच कसा पाठवू? घरातला गूळ तर संपलाय. बघते, दुसरं काय उरलंय.